आबा अकरा डिसेंबरला लवकर का उठायचे

पाटण,
१४ डिसेंबर

प्रिय मित्रा,

आबा गेले त्या रात्री तुझा फोन दोनदा तुटला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा तू काही बोललाच नाहीस, आणि मलाही काही सुचलं नाही. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. मोबाइलवर लिहिता आलं असतं, पण आबांबद्दल लिहायचं तर ते लिफाफ्यात घालून, ९९ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या पत्त्यावरच धाडावं असं वाटलं. आमच्या घरातून या पत्त्यावर किती वर्षांनी पत्र जातंय!

आधी तुला हवं आहे ते सांगतो. आबांना त्रास झाला नाही. २७ नोव्हेंबरला नेहमीसारखे पहाटे उठले, दाढी केली, ओट्यावर बसून चहा घेतला आणि आजीला म्हणाले, "जरा पडतो." आबा दिवसाउजेडी आडवे झालेत असं मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आजीला तेव्हाच कळलं असावं. तिने कुणाला हाक मारली नाही, त्यांच्या उशाशी जाऊन बसली. ७७ वर्षांचे होते.

रजा मिळाली नाही हे मनाला लावून घेऊ नकोस. आजीच म्हणाली, "त्याला म्हणावं, ह्येंचा बा गेला तवा ह्ये तरी कुटं पोचलं हुतं? तिसऱ्या दिवशी आलं. जीव लावून बसू नगंस म्हणावं."

माजी सैनिक बरेच आले होते. काही जणांना तर मुलांनी हाताला धरून आणलं होतं. कोटावर पदकं लावलेली, डोक्यावर हिरवी कॅप. कुणी काही सांगितलं नाही तरी घाटावर सगळे आपोआप एका रांगेत उभे राहिले. मग त्यांच्यातल्या एकाने, फार मोठ्याने नाही, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की" म्हटलं. बाकीच्यांना 'जय' म्हणायचं होतं, पण निम्म्यांचे आवाज घशातच राहिले. मला तिथे तुझी फार आठवण झाली. तू असतास तर तुझा आवाज निघाला असता.

घरी आल्यावर बाबांनी आबांची ट्रंक उघडली. वर एक फाईल होती. पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक, आजीसोबतचा फोटो, बँकेचं पासबुक, सगळं क्रमाने लावलेलं. त्यावर आबांच्या अक्षरात एक कागद, "मी गेल्यावर" असा मथळा आणि खाली आकडे घालून कामं. पहिलं काम असं होतं : "आलेल्या माणसांना आधी जेवू घाला. लांबून आलेले असतील." फॅमिली पेन्शनचं दुसऱ्या नंबरवर. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ते हयातीचा दाखला द्यायला स्वतः जाऊन आले होते. मी म्हटलं होतं, आबा, आता हे मोबाइलवर होतं. तर म्हणाले, "माणसानं माणसाला दिसावं." इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते.

तुला आपली ती चिंचेखालची पहाट आठवते ना? तुझ्या भरतीच्या आधीचं वर्ष. साडेचारला आबा तुझ्या दारात बॅटरी घेऊन उभे, आणि तुझ्याबरोबर मलाही उगीच उठावं लागे. हातात ते एचएमटीचं घड्याळ. धरणाच्या रस्त्याला सोळाशे मीटर त्यांनी पावलांनी मोजून चुन्याने खूण केली होती. चिंचेच्या दोन फांद्यांमध्ये लोखंडी पाइप बांधून दिला होता, दहा बीम झाल्याशिवाय चहा नाही. तुझे वडील गेल्यानंतरचं ते वर्ष. माझ्या आबांनी त्या वर्षात माझ्यापेक्षा तुझ्याकडे जास्त पाहिलं, आणि तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगतोय, कारण आता त्याचा आनंद वाटतो.

घरातले त्यांचे नियमही आठवत असतील. रात्री बूट उशाशी, तोंडं दाराकडे. बॅटरी उजव्या हाताला. पाण्याचा तांब्या झाकलेला. खाट भिंतीला लावायची नाही, हातभर लांब. झोपणाऱ्याच्या डोक्यावर फळीवर काही जड ठेवायचं नाही. आईने एकदा पितळी घागर ठेवली होती, आबांनी बोलता बोलता स्वतः उतरवून खाली ठेवली. आपण म्हणायचो, आबांची बरॅक. आपल्या दोघांनाही खात्री होती की ही सगळी पलटणीची शिस्त. पुढे बेळगावला ट्रेनिंग करून आल्यावर तू म्हणालास, "बाकी सगळं बरोबर आहे रे, पण खाट भिंतीपासून लांब ठेवा असं आम्हाला कुणी सांगितलं नाही." मी तेव्हा त्यावर विचार केला नाही. तो धागा मला परवा सापडला. पुढे सांगतो.

तुझ्या त्या पहिल्या रजेतली संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. तू ओट्यावर बसून आम्हाला जमालपूरची गोष्ट सांगत होतास. सेंटरमध्ये ऐकून आला होतास, नवा नवा जोश. १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. १९७१च्या डिसेंबरात मेघालयाच्या बाजूने ती पूर्व पाकिस्तानात उतरली. कमालपूरची चौकी पडली, मग बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रा. जमालपूर नदीच्या पलीकडे, तिथे ३१ बलूच ही पाकिस्तानी पलटण पाय रोवून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी त्यांच्या कर्नलला चिठ्ठी पाठवली की तुम्ही वेढले गेला आहात, शरण या. त्याचं उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीभोवती कागद गुंडाळून : पुढच्या वेळी लेखणी नको, हातात स्टेनगन घेऊन भेटा, अशा अर्थाचं. तू हे सांगताना उभाच राहिला होतास. आबा खांबाला टेकून दोर वळत होते. तुझी गोष्ट नदीपर्यंत आली आणि ते मान वर न करता म्हणाले, "पाणी लई गार हुतं."

आपण दोघं गप्प झालो. सारं बालपण त्यांच्या मांडीवर घालवलं, आणि ते त्या नदीत होते हे आपल्याला त्या क्षणी कळलं. ट्रंकेतल्या बिस्किटाच्या डब्यात 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही पदकं होती, ती आपण पाहिली होती, खेळायलाही मागितली होती. पण ती कसली हे कधी विचारलं नव्हतं.

आणि मग मी ती चूक केली. तू रजा संपवून गेल्यावर घरी पाहुणे होते, मला मोठेपणा मिरवायचा होता, आणि सगळ्यांदेखत मी विचारलं, "आबा, तुम्ही किती मारले?" त्यांनी दोर खाली ठेवला, चपला घातल्या आणि गोठ्याकडे गेले. रात्री जेवायला आले तेव्हा माझ्या ताटात स्वतः भाकरी वाढली, रागाचं एक अक्षर नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्याकडे लढाईचा विषय काढला नाही.

ते बोलले ते आपणहून, २०२१ साली. लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून शाल-श्रीफळ मिळालं होतं. कराडच्या विजय दिवसाला ते वर्षानुवर्षं जायचे, पण मागे खुर्चीत बसून परत यायचे. त्या दिवशी त्यांना पुढे बोलावलं होतं. रात्री शाल घडी करून आजीकडे दिली आणि ओट्यावर मला जवळ बोलावलं. जे सांगितलं ते असं, जमेल तसं त्यांच्याच क्रमाने लिहितो.

पायांबद्दल आधी बोलले. नदी ओलांडताना भिजलेले मोजे चार दिवस वाळले नाहीत, कातडं मोज्याबरोबर यायचं. गावकऱ्यांनी होड्या दिल्या, ओझी वाहिली. जमालपूरला वळसा घालून यांची पलटण दक्षिणेला, टांगाइलच्या रस्त्यावर जाऊन बसली, शत्रूची परतीची वाट अडवून. तिथे भाताच्या खाचरात मोर्चे, म्हणजे खंदक, खणले. "माती आपल्यासारखीच, पर दगड नाय. फावडं लोण्यात गेल्यावाणी जायचं. मला वाटलं, हिथं काय भात पिकत आसंल!" हे सांगताना त्यांचा चेहरा शेतकऱ्याचा झाला होता.

१० तारखेच्या रात्री ती बलूच पलटण वेढा फोडून निघाली. थेट यांच्या तोंडावर. रात्रभर चाललं. त्याबद्दल आबा दोनच वाक्यं बोलले आणि मी तिसरं मागितलं नाही. पण एक गोष्ट सांगितली. पहाटेच्या सुमाराला जवळच तोफेचे गोळे पडायला लागले, जमीन हादरली, आणि आबा मोर्च्यातून उठून बाहेर पळायला लागले. शेजारच्या जवानाने पट्ट्याला धरून खाली ओढलं, एक कानाखाली दिली. "त्यानं वढलं नसतं तर तुझी आत्या जन्मलीच नसती." ११ डिसेंबरच्या सकाळी जमालपूर पडलं. त्याच दिवशी संध्याकाळी टांगाइलला आपले छत्रीधारी उतरले, तीही मुळातली मराठाच पलटण, हे तू मला सांगितलंयस. पुढे पाच दिवसांत ढाका.

मी समजलो, आबा घाबरले होते आणि पन्नास वर्षं त्याची लाज बाळगून होते. मनात म्हटलं, तेविशीचा पोरगा, घाबरणारच. त्यांच्याबद्दलची माया वाढली, पण चुकीच्या कारणाने.

मधे थोडं घरचं लिहितो, कारण आबा म्हणजे फक्त ती एक रात्र नव्हती. २४ वर्षं नोकरी करून १९९१ला हवालदार म्हणून घरी आले. त्यातली किती वर्षं आजीच्या वाट्याला आली, हे तिने बोटांवर मोजून दाखवलं तर दोन्ही हात पुरतात. आजीला वाचता येत नव्हतं. पत्र गुरुजी वाचून दाखवायचे, चारचौघांत. म्हणून आबांनी रजा संपवून जाताना तिला सांगून ठेवलं होतं : पत्रात 'तुळशीला पाणी घालतेस ना' असं आलं की समज, तुझी आठवण आली आहे. आजी सांगते, एका पत्रात तीनदा तुळस आली तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं होतं. बाबा जन्मले १९७१च्या उन्हाळ्यात, आबांनी त्यांना पहिल्यांदा हातात घेतलं ते पुढच्या वर्षी. तोवर बाबा अनोळखी मिशीला पाहून भोकाड पसरायच्या वयाचे झाले होते.

आत्या नर्सिंगला मिरजेला निघाली तेव्हा भावकीत कुरबुर झाली. आबा काही बोलले नाहीत. आपली काळी ट्रंक काढली, तिच्यावरचा पांढऱ्या रंगातला स्वतःचा नंबर आणि नाव खरवडलं, त्या जागी आत्याचं नाव रंगवलं आणि ट्रंक खांद्यावर घेऊन एसटी स्टँडपर्यंत गावातून चालत गेले. आत्याची नोकरी लागल्यावर ट्रंक परत आली. नाव अजून तिचंच आहे.

आणि वेणी. २०१९ला आजीचा हात मोडला, दीड महिना प्लास्टर. आई सकाळी कामावर जायची. एक दिवस पाहतो तर आबा ओट्यावर आजीच्या मागे बसून तिची वेणी घालतायत. सैल नाही, वेडीवाकडी नाही, तीन पेडांची घट्ट वेणी, शेवटी गाठ. आम्ही सगळे थक्क. विचारलं, कुठे शिकलात? म्हणाले, "पलटणीत." सगळे हसलो. आजी मात्र हसली नव्हती, हे मला आत्ता आठवतंय.

आता परवाचं. आबा दर ११ डिसेंबरला पहाटे चारच्या आधी उठून अंधारात ओट्यावर बसायचे, दिवा न लावता. उजाडलं की कराडहून आणून ठेवलेली गुडदाणी आळीतल्या पोरांना वाटायचे. आपण किती खाल्ली आहे ती! जमालपूरचं कळल्यापासून तर आपण तिला विजयाची गुडदाणी म्हणायचो. तू एकदा ती घेताना त्यांना सॅल्यूट ठोकला होतास, आणि ते कसंनुसं हसले होते.

तेरावं ९ तारखेला झालं. ११ला मी पावणेचारचा गजर लावला. म्हटलं, यंदा आपण बसू. बाहेर आलो तर ओट्यावर आजी आधीच बसलेली, आबांचं राखाडी ब्लँकेट पांघरून. मी शेजारी बसलो. कडाक्याची थंडी, खालून नदीवरून धुकं येत होतं. मी म्हटलं, "आजी, जमालपूरची वेळ झाली." तर ती म्हणाली, "जमालपूर मागनं आलं बाळा. ही येळ भूकंपाची."

१९६७. ११ डिसेंबर. कोयनेचा भूकंप, पहाटे सव्वाचारनंतरचा. पावणेदोनशेवर माणसं गेली, आपण शाळेत शिकलोय. आपल्या खोऱ्यातली दगडमातीची घरं पत्त्यासारखी बसली हेही ऐकलंय. पण आमच्या घरात त्याबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं, आणि का झालं नव्हतं ते मला त्या अंधारात कळलं. आबांना एक धाकटी बहीण होती. नऊ वर्षांची. आबा त्याच वर्षी भरती होऊन बेळगावला गेले होते. ते गेल्यापासून ती हट्टाने त्यांच्या जागेवर झोपायची, भिंतीकडेला, दादाच्या घोंगडीवर. ती भिंत आत पडली.

बेळगावच्या बरॅकीतही त्या पहाटे खाटा हलल्या होत्या. आबांना वाटलं, फॉल-इनसाठी कुणीतरी उठवतंय. सगळे बाहेर पळाले, हसले, परत झोपले. कुठे झालंय ते दुपारी रेडिओवरून समजलं. ओगलेवाडीच्या स्टेशनवर उतरून मिळेल त्या ट्रकने आणि पुढे पायी घरी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. रजेचे दिवस त्यांनी आईवडिलांबरोबर उघड्यावर काढले. रोज हादरे, रोज माणसं ओरडत मोकळ्या जागेकडे धावायची. जमीन हलली की बाहेर पळायचं, हे तेव्हा त्यांच्या अंगात भिनलं.

मला काही बोलता येईना. मोर्च्यातून ते का उठले होते ते कळलं. खाट, फळीवरची घागर, दाराकडे तोंड केलेले बूट, सगळं कळलं. आजी सांगत होती, "लढाईतनं आलं तवा मला म्हनलं, 'जमीन हलली आन मी हवालदाराला इचारलं, आज तारीक किती? त्यो म्हनला अकरा.' मंग लई रडलं. तेवढंच. परत कदी न्हाय." गुडदाणी त्या धाकट्या बहिणीला आवडायची. कराडच्या बाजाराला गेलं की दादाने ती आणायची. आणि मी न विचारताच आजी म्हणाली, "येणी तिचीच घालायचं ते. आई रानात जायची ना."

उजाडेपर्यंत आम्ही बसून होतो. यंदा गुडदाणी आणायची राहून गेली होती, आबाच नव्हते ना आणायला. मी पहिल्या एसटीने कराडला गेलो आणि दुपारी आळीत वाटली. पोरांनी विचारलं, कशाची? मी नाव सांगितलं. तिचं नाव मला त्याच पहाटे कळलं होतं. इथे लिहीत नाही, तू आलास की आजीच्या तोंडून ऐक. ती आता सांगते. तिला सांगायचंय.

गुडदाणीचं वेगळं पार्सल केलंय. फुटली असेल, तशीच खा आणि तुझ्या पलटणीतल्या पोरांनाही दे. थंडी तिकडे जास्त असेल, मोजे ओले ठेवू नकोस. आबांनी तुझ्यासाठी वळलेला दोर खुंटीला आहे, तुझ्या म्हशीचा जुना झालाय म्हणून गेल्या महिन्यात करायला घेतला होता, हातभर राहिलाय. मला वळता येत नाही, तसाच ठेवलाय.

रजा कधी ते कळव. मधल्या खोलीत तुझी खाट आजीने आत्तापासूनच घालून ठेवली आहे, भिंतीपासून हातभर लांब.

तुझा
मित्र